एक मोबाइल, दोन मुलं आणि अकरा अपूर्ण कृतिपत्रिका

ऑगस्ट 2020, कोरोनामुळे शाळा बंद आणि वर्ग ऑनलाइन. त्या दिवसांत हे पत्र डोंबिवलीहून आलं. मोठा मुलगा सातवीत, मराठी माध्यमात पण सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. धाकटी दुसरीत. वडिलांची नोकरी अत्यावश्यक सेवेतली, ते फोन घेऊन सकाळीच बाहेर पडतात. आई दहा ते सहा ऑफिसच्या लॅपटॉपवर. राहिला एकच मोबाइल. मुलाचे साडेआठ ते पावणेबारा चार तास, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे, आणि त्यातच दहा वाजता धाकटीचा वर्ग. गृहपाठ कधी व्हॉट्सॲपवर, कधी गूगल क्लासरूममध्ये, तर कधी बाई नुसत्या तोंडी सांगतात. 15 जूनपासून आजवर अकरा कृतिपत्रिका आणि चार वह्या मागे पडल्या आहेत. मुलगा कॅमेरा बंद ठेवून यूट्यूब बघतो, रात्री रडतो. आई लिहिते, "शेवटी रात्री अकराला मीच त्याच्या वह्या पूर्ण करायला बसते. अक्षर जुळवून लिहायचीही आता सवय झाली. काय करू?"

ताई,

सगळ्यात आधी रात्रीचं लिहिणं थांबवा. त्यात काही मोठं पाप आहे असं नाही, पण त्याचा उलटा परिणाम होतो. बाईंकडे चाळीस मुलांच्या वह्यांचे फोटो येतात आणि त्यातले बरेचसे पूर्ण असतात. मग त्यांना वाटतं, एवढं काम झेपतंय. पुढच्या आठवड्यात तेवढंच येतं, कधी जास्तही. घरोघरी आया वह्या लिहितायत हे क्लासरूमच्या पडद्यावर दिसत नाही. तुमच्या मुलाला खरोखर किती वेळ लागतो हे शाळेला कळायला हवं, आणि ते कळायचं तर आधी तुम्हाला ते नेमकं माहीत हवं.

म्हणून एक आठवडा नुसतं मोजा. जुन्या वहीचं एक पान घ्या आणि रकाने आखा: विषय, काम कुठून आलं, कधीपर्यंत द्यायचं, किती मिनिटं लागली, आणि कामाचा प्रकार. प्रकार तीनच ठेवा. फळ्यावरची किंवा फोटोतली प्रश्नोत्तरं वहीत उतरवणं म्हणजे "उतरवणे". गणितं सोडवणं, स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहिणं, धडा वाचणं म्हणजे "अभ्यास". फोटो काढणं, फाइल शोधणं, अपलोड करणं म्हणजे "पाठवणे". मिनिटं मुलानेच लिहायची, भिंतीवरच्या घड्याळात बघून.

आठवड्याच्या शेवटी बेरीज केलीत की बहुतेक घरांत दिसतं तेच दिसेल. "अभ्यास" या रकान्यात निम्म्याहून कमी मिनिटं आणि बाकीचा दिवस उतरवण्यात आणि पाठवण्यात गेलेला. तुमचा मुलगा आळशी नाही, तो कारकुनी करून थकतोय. ही कारकुनी शाळेने मुद्दाम लादलेली नाही. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभरातल्या रोजच्या कामावरून केलेल्या मूल्यमापनाच्या, नोंदी ठेवाव्या लागतात आणि मुलं समोर नसताना शिक्षकांच्या हातात पुरावा म्हणून वहीचा फोटोच उरतो. तेही वरून येणाऱ्या अहवालांखाली दबलेले आहेत. हे डोक्यात ठेवलंत की पुढे त्यांच्याशी बोलताना सूर बरोबर लागेल.

आता मागचा ढीग. तारखेप्रमाणे जूनपासून सुरुवात करायची, ही चूक जवळपास सगळे करतात. आठवडाभर जूनचं काम करावं तोवर ऑगस्टचं नवं मागे पडतं आणि ढीग होता तेवढाच राहतो. आधी आजचं काम, मग मागच्यासाठी रोज चाळीस मिनिटं, शनिवारी दोन तास, रविवारी काही नाही. अकरा कृतिपत्रिका आणि चार वह्यांची यादी एकाच कागदावर करा आणि प्रत्येकीपुढे खूण करा. ज्यावर गुण किंवा नोंद आहे आणि जी अजून स्वीकारतात, ती सर्वांत वर. ज्याच्याशिवाय पुढचा धडा कळणार नाही, ते त्याखाली. नुसतं उतरवायचं ते खाली. चित्रं, सजावट, तक्ते सगळ्यात तळाला, आणि तळाचं राहिलं तर राहू द्या.

"पुढचा धडा कळणार नाही" हे प्रामुख्याने गणितात लागू पडतं, म्हणून तिथे जरा थांबू. सातवीच्या पुस्तकात दुसरा धडा पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार, तिसरा मसावि-लसावि, पाचवा परिमेय संख्या, सहावा घातांक, आठवा बैजिक राशी. ही एक साखळी आहे. पहिला भौमितिक रचनांचा धडा आणि सातवा जोडस्तंभालेख त्या साखळीबाहेर, ते मागे राहिले तरी बाकीचं अडत नाही. मुलाला कोऱ्या कागदावर चार उदाहरणं द्या: −7 + 3, (−6) × (−4), (−18) ÷ 3, आणि −2/3 + 5/6. उत्तरं अनुक्रमे −4, 24, −6 आणि 1/6. पहिलं चुकलं तर अडचण सातवीची नाहीच, सहावीतल्या पूर्णांकांच्या बेरजेची आहे. संख्यारेषा काढून दोन दिवस तेवढंच करा. दुसरं-तिसरं चुकलं तर दुसरा धडा. फक्त चौथं चुकलं तर त्याने काय केलं ते बघा. वर-वरची आणि खाल-खालची बेरीज करून 3/9 लिहिलं असेल तर छेद समान करणं, म्हणजे लसावि, डोक्यात बसलेला नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि तिच्यावरून अकरांपैकी कोणत्या कृतिपत्रिका आधी घ्यायच्या ते ठरतं. जिथे त्याला येतंय तिथे सरावसंचातलं प्रत्येक तिसरं गणित पुरे.

सेमीमुळे तुम्हाला शिकवता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. सातवीचं मराठी माध्यमाचं गणित आणि सामान्य विज्ञान डाउनलोड करून घ्या. इंग्रजी पुस्तक त्याचंच भाषांतर आहे, धडे त्याच क्रमाने येतात. तुम्ही मराठीतून वाचा, त्याने इंग्रजीतून. एलसीएम म्हणजे लसावि, एचसीएफ म्हणजे मसावि, इंडायसिस म्हणजे घातांक अशी जोडशब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर त्यालाच करू द्या. तो अडतो तिथे निम्म्या वेळा गणित अडलेलं नसतं, प्रश्नातला एखादा इंग्रजी शब्द अडलेला असतो.

चार अपूर्ण वह्यांचं काय, तर त्या तुम्ही लिहायच्या नाहीत आणि त्यानेही पूर्ण उतरवायच्या नाहीत. इतिहास-भूगोलाच्या ज्या प्रश्नोत्तरांचे फोटो ग्रुपवर आले आहेत, त्यांतला फक्त प्रश्न आणि उत्तरातले चार-पाच कळीचे शब्द लिहायचे, मग फोटो मिटून उत्तर तोंडी सांगायचं. एका धड्याला वीस मिनिटं लागतात आणि लक्षातही राहतं. मात्र याला बाईंची परवानगी हवी.

त्यांना लिहाल ते ग्रुपवर नाही, वैयक्तिक लिहा. ग्रुपवर लिहिलंत तर खाली दहा आया "आमचंही तेच" म्हणून येतील, बाईंना घेरल्यासारखं होईल आणि तुमचं मूल राहील बाजूला. लांबलचक निरोप नको, रागाचे इमोजी नकोत. साधारण असा नमुना, आकडे तुमच्या नोंदीतले घाला:

"नमस्कार मॅडम. सातवी ब, हजेरी क्रमांक अमुक. गेल्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार घरी वेळ लिहून ठेवली. ऑनलाइन तास 13 तास 20 मिनिटं. गृहपाठ 11 तास, त्यात प्रश्नोत्तरं उतरवणं 5 तास, फोटो आणि अपलोड अडीच तास, गणितं आणि स्वतःची उत्तरं साडेतीन तास. घरात दोन मुलांत एकच मोबाइल आहे. तीन विनंत्या आहेत. मागच्या चार वह्यांत पूर्ण उत्तरांऐवजी मुद्दे लिहिले तर चालेल का? मागच्या अकरा कृतिपत्रिकांपैकी कोणत्या आवश्यक आहेत ते कळवाल का? आणि यापुढे रोज साठ मिनिटांत होईल तेवढाच गृहपाठ तो करेल, राहिलेल्यापुढे मी सही करून पाठवेन, चालेल ना? आपल्या सोयीने कळवा."

अशा निरोपाला नकार सहसा येत नाही, कारण त्यात तक्रार नाही, हिशेब आहे. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. तरीही काही झालं नाही तर मुख्याध्यापकांकडे जाताना दोन गोष्टी हाताशी असू द्या. जुलै 2020 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने प्रज्ञाता नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं सांगितली होती. राज्यानेही तिसरी ते आठवीसाठी 45 मिनिटांची दोन सत्रं ठरवली होती. म्हणजे जास्तीत जास्त दीड तास. तुमच्याकडे चाळीस मिनिटांचे चार, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. दुसरी गोष्ट, राज्याने 2020-21 या वर्षासाठी पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता. वगळलेल्या घटकांची विषयवार यादी मिळवा आणि पुस्तकात त्या भागांवर पेन्सिलीने बारीक फुली मारा. ढिगातली एखादी कृतिपत्रिका वगळलेल्या घटकावरची निघाली, तर ती चर्चेशिवाय बाद. पण या दोन गोष्टी पहिल्याच निरोपात काढू नका. नियम दाखवून सुरुवात केली की पुढचं बोलणं नियमांचंच होतं.

दिवस कसा लावायचा? तुम्ही कामात असता, म्हणून तुमच्या हजेरीच्या तीनच वेळा धरल्या आहेत. सकाळी सव्वाआठला दहा मिनिटं: आज कोणते विषय, कोणती वही, पाण्याची बाटली. पावणेबारा ते दोन पडदा पूर्ण बंद, जेवण आणि लोळणं. दोन ते अडीच गणित, दहा मिनिटं सुट्टी, दोन चाळीस ते तीन दहा दुसरा विषय. हे झाले साठ मिनिटांचे रोजचे काम. मधल्या दहा मिनिटांत मोबाइल हातात द्यायचा नाही. तो दिला की त्या दहांची पस्तीस मिनिटं कधी होतात कळत नाही आणि मग मूल उठता उठत नाही. पाच ते पाच चाळीस मागचा ढीग. सव्वासहाला तुम्ही मोकळ्या झालात की पाठवण्याचं काम, पंधरा मिनिटं, दोघांनी मिळून. सात वाजता दप्तर बंद.

सातला काम उरलं असेल तर वहीत जिथे थांबला तिथे आडवी रेघ मारायची, "60 मिनिटे झाली" असं लिहायचं आणि तुमची सही. पहिले तीन-चार दिवस हे तुम्हालाच जड जाईल, त्याला नाही. पण रात्री अकराच्या रडण्यावरचा इलाज ही रेघच आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान नऊ तास झोप लागते. साडेआठच्या तासासाठी सातला उठायचं तर दहाच्या आत दिवा मालवायला हवा.

पाठवण्याच्या अडीच तासांची पंधरा-पंधरा मिनिटं करता येतात, कारण इथला वेळ सगळा पद्धतीत वाया जातो. पहिलं दुखणं म्हणजे काम कुठे आलंय तेच सापडत नाही. शाळेच्या ग्रुपवर गृहपाठाचा एक निरोप आणि त्याखाली सत्तावीस "धन्यवाद मॅडम". तुम्ही दोघं नवरा-बायको एवढ्यांचाच एक वेगळा ग्रुप काढा आणि मुलाच्या गृहपाठाचा प्रत्येक निरोप आला की लगेच तिथे फॉरवर्ड करा, बाकी काहीही तिथे टाकायचं नाही. तोंडी सांगितलेला गृहपाठ मुलगा तिथेच आवाजात रेकॉर्ड करून टाकेल.

दुसरं, फोटो. कॅमस्कॅनर हे स्कॅनचं ॲप जून 2020 अखेर बंदी आलेल्या 59 ॲपमध्ये गेलं, पण ॲण्ड्रॉइड फोनमधल्या गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे. त्यात "स्कॅन" किंवा कॅमेऱ्याचं चिन्ह शोधा. पानं एकामागून एक काढली की एकच पीडीएफ होते, दहा सुटे फोटो पाठवावे लागत नाहीत. वही खिडकीशी सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. पाठीमागून आला तर हाताची आणि फोनची सावली नेमकी उत्तरावर पडते. पेन्सिलीचं लिखाण स्कॅनमध्ये फिकं येतं आणि "वाचता येत नाही, पुन्हा पाठवा" असा निरोप येतो, म्हणून लिखाण पेनानेच. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक, विषय आणि पान क्रमांक लिहायला दहा सेकंद लागतात. फाइलचं नावही तसंच द्या.

तिसरं फारच क्षुल्लक आहे आणि त्यानेच सर्वांत जास्त मनस्ताप होतो. क्लासरूममध्ये फाइल नुसती जोडून भागत नाही, शेवटी "टर्न इन" दाबावं लागतं. ते राहिलं की तुमच्या लेखी काम पाठवलेलं आणि बाईंच्या यादीत ते आलेलंच नाही. तुमच्या अकरांपैकी दोन-तीन अशाच निघण्याची शक्यता बरीच आहे. आज रात्री वही उघडण्याआधी ते बघून घ्या.

यूट्यूबचं म्हणाल, तर ओरडून उपयोग नाही. हातात काम नसताना चाळीस मिनिटं तळहाताएवढ्या चौकटीत फळा बघत बसणं मोठ्यांनाही जमत नाही, तुमच्या ऑफिसच्या मीटिंगा आठवा. त्याला हाताला काम द्या. प्रत्येक तासाला एका छोट्या वहीत तीन ओळी: आज काय शिकवलं, काय कळलं नाही, गृहपाठ काय. जेवताना त्या तीन ओळी तुम्हाला वाचून दाखवायच्या. जोडीला फोनच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली "स्क्रीन पिनिंग" असतं (काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं), ते लावून, काढताना पिन मागण्याची सोयही चालू केली की पिन टाकल्याशिवाय दुसरं ॲप उघडता येत नाही. त्याला सांगून लावा, चोरून नको. फोन हातात न धरता पुस्तकांच्या चळतीला टेकवून डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं असतं. आपल्या खोल्यांत वीस फूट मिळत नाहीत, तेव्हा खिडकीत जाऊन समोरच्या इमारतीची गच्ची बघायची.

धाकटीचं सोपं आहे. दहा वाजता मोबाइल कोणाचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्याच्या वेळापत्रकात कार्यानुभव, चित्रकला असे तास ज्या वारी दहाला येतात, त्या वारी तिला मोबाइल द्या. उरलेल्या दिवशी तिचा वर्ग बुडू द्या आणि तिच्या बाईंना तसं आधीच कळवा. दुसरीच्या मुलीला रोज वीस मिनिटं तुमच्यापैकी कोणाच्या तरी शेजारी बसून मोठ्याने वाचायला आणि दहा मिनिटं बेरीज-वजाबाकी करायला मिळाली तर तिचं फारसं काही बुडत नाही. पुस्तकातला क्यूआर कोड सरकारी दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात, रात्री डाउनलोड करून ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी नेटशिवाय चालतात. शिवाय 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी "टिलीमिली" ही मालिका चालू होती. टीव्ही असल्याने मोबाइल त्यात अडकत नव्हता.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. काम कमी करूनही दोन आठवड्यांत मुलाचं सकाळी पोट दुखणं, झोप न लागणं, जेवण तुटणं, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं असं चालूच राहिलं, तर ते ओझ्याच्या पलीकडचं आहे. तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केंद्राच्या मनोदर्पण सेवेचा 8448440632 हा क्रमांक विद्यार्थ्यांसाठी आहे, तिथे फोनवर समुपदेशक बोलतात. आणि त्याच्याकडून मराठीचं एक पान मोठ्याने वाचून घ्या. सातवीतला मुलगा ओळी गाळत, शब्द अंदाजाने म्हणत वाचत असेल तर आधी डोळे तपासा, मग वाचनातल्या अडचणीबद्दल डॉक्टरांशी बोला. वर्गात हे शिक्षकांच्या कानावर पडतं, ऑनलाइन तासात सगळ्यांचे माइक बंद असतात.

आता गणपतीची सुट्टी येतेय. त्या दिवसांत सगळा ढीग संपवून टाकू, असा बेत मनात आला असेल तर सोडा. रोजची चाळीस मिनिटंही बंद ठेवा, गौरी-गणपती होऊ द्या. ग्रुपवर "पर्यावरणपूरक गणेशोत्सव" असा प्रकल्प येईलच. त्यासाठी बाजारातून काही आणायचं नाही. घरातल्या मखराचा एक फोटो आणि त्याखाली मुलाने स्वतः लिहिलेल्या दहा ओळी, पेनाने.